माझ्या गाठीचे जनुकीय अहवाल

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर रुग्णाच्या फाइलमध्ये जमा होणारे बहुतेक कागद गाठ कोठे आहे, केवढी आहे आणि कोठवर पोहोचली आहे, एवढेच सांगतात. ती मुळात का वाढते आहे याचा शोध घेणारा कागद एकच असतो आणि तो सर्वांत उशिरा हाती येतो. गाठीच्या पेशींतील जनुकांच्या तपासणीचा हा अहवाल माझ्या बाबतीत निर्णायक ठरला. पुढचे सगळे उपचार त्यावर बेतले गेले, काही काळाने तोच अहवाल अपुरा पडला आणि तपासणी नव्याने करावी लागली. या दोन अहवालांच्या दरम्यान कर्करोग कसा घडतो, कसा पसरतो आणि औषधाला कसा पुरून उरतो, हे मला जवळून समजून घ्यावे लागले. असा अहवाल ज्यांच्या हाती येईल त्यांना तो वाचताना उपयोग व्हावा, म्हणून हे तपशिलाने लिहीत आहे.

सुरुवात नेहमीसारखीच होती. खोकला बरा होईना आणि पाठीत रात्री वाढणारे दुखणे सुरू झाले. सीटी स्कॅन आणि पेट स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात गाठ, छातीच्या मध्यभागातील सुजलेल्या लसिकाग्रंथी आणि पाठीच्या एका मणक्यात पसरलेला आजार दिसला. गाठ फुफ्फुसाबाहेर हाडापर्यंत गेलेली असल्यामुळे हा चौथा टप्पा होता आणि शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नव्हता. सुईने घेतलेल्या बायॉप्सीवरून पॅथॉलॉजिस्टनी ॲडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) असे निदान केले. घरच्या सर्वांची अपेक्षा अशी होती की आता लगेच केमोथेरपी सुरू होईल. ऑन्कॉलॉजिस्टनी मात्र जनुकीय तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायला सांगितले.

हे थांबणे फार जड गेले. गाठ छातीत असताना औषधाविना दिवस घालवायचे, ही कल्पनाच सहन होण्यासारखी नसते. डॉक्टरांनी त्यामागचे कारण शांतपणे समजावले. माझी प्रकृती त्या वेळी बरी होती, श्वासाला त्रास नव्हता, मणक्याला तातडीचा धोका नव्हता. दोन-तीन आठवड्यांच्या थांबण्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा चुकीच्या औषधाने सुरुवात केल्यामुळे होणारे नुकसान मोठे ठरण्याची शक्यता होती. श्वास लागत असता किंवा आजार झपाट्याने वाढत असता, तर त्यांनी वेगळा निर्णय घेतला असता, हेही त्यांनी स्पष्ट केले. आज मागे वळून पाहताना त्या सल्ल्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

त्या काळात गाठीच्या तुकड्याचे पुढे काय होते, हे मी विचारून घेतले. सुईने निघालेला तुकडा शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक असतो. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणाच्या ठोकळ्यात पक्का करतात आणि त्या ठोकळ्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतात. निदानासाठी या कापांवर निरनिराळी रंजके वापरावी लागतात आणि प्रत्येक तपासणीत थोडा ऊतक खर्ची पडतो. आमच्या पॅथॉलॉजिस्टनी निदानापुरत्या मोजक्याच तपासण्या केल्या आणि उरलेला ऊतक डीएनएसाठी राखून ठेवला. पुढे त्यांनी काचपट्टीवर कर्कपेशी दाट असलेला भाग पेनाने गोल करून दाखवला, कारण तुकड्यात कर्कपेशींच्या जोडीला निरोगी पेशी, रक्तवाहिन्या आणि दाहाच्या पेशीही मिसळलेल्या असतात. त्या भागात कर्कपेशींचे प्रमाण सुमारे ४० टक्के असल्याची नोंद त्यांनी केली. या एका नोंदीवाचून पुढच्या अहवालातील आकड्यांचा अर्थ लागला नसता.

अहवालात तीन ओळींचा एक तक्ता होता. पहिली ओळ ईजीएफआर या जनुकाची होती. त्यातील १९ व्या एक्झॉनमधील, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेल्या जनुकाच्या तुकड्यातील, डीएनएची १५ अक्षरे गळून पडली होती आणि पुढच्या रकान्यात २० टक्के असा आकडा होता. दुसऱ्या ओळीत टीपी५३ या जनुकातील बदल आणि २५ टक्के हा आकडा होता. तिसऱ्या ओळीतील जनुकाच्या पुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा होता. माझे सारे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले असल्यामुळे नजर साहजिकच टक्केवारीवर थांबली, आणि २० टक्के म्हणजे गाठीच्या केवळ पाचव्या हिश्शात हा बदल आहे, अशीच कोणाचीही समजूत व्हावी असा तो आकडा होता. प्रत्यक्षात अर्थ वेगळा होता.

ही टक्केवारी तपासलेल्या डीएनएच्या प्रतींपैकी किती प्रतींत बदल आढळला, हे दाखवते. प्रत्येक पेशीत एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. शंभर पेशी घेतल्या तर दोनशे प्रती होतात. त्यांतील चाळीस पेशी कर्कपेशी असतील आणि त्या प्रत्येकीत एकच प्रत बदललेली असेल, तर दोनशेपैकी चाळीस, म्हणजे २० टक्के प्रती बदललेल्या दिसतात. याचा अर्थ, ईजीएफआरमधील बदल माझ्या गाठीतील जवळजवळ प्रत्येक कर्कपेशीत होता. जो बदल सर्व पेशींत असतो तो गाठीच्या आरंभीच, सर्वांच्या समान पूर्वज पेशीत घडलेला असणार. गाठ कितीही मोठी दिसली तरी तिचे मूळ एकाच पेशीत होते, हे त्या साध्या गुणाकाराने मला पटले.

दुसऱ्या ओळीचा हिशेब आणखी बोलका होता. कर्कपेशींनी टीपी५३ची एक प्रत बिघडवली आणि दुसरी निरोगी प्रत पूर्णपणे गमावली, असे धरले तर चाळीस कर्कपेशींकडे चाळीसच प्रती उरतात आणि साठ निरोगी पेशींच्या एकशेवीस प्रती मिळून एकूण एकशेसाठ होतात. एकशेसाठपैकी चाळीस म्हणजे बरोबर २५ टक्के. डॉक्टरांनी हे गणित कागदावर मांडून दाखवले आणि अहवालावरून एवढे अनुमानच काढता येते, सिद्ध करता येत नाही, हेही सांगितले. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचा अभ्यास करून असे सुचवले होते की पेशीला आवर घालणारे जनुक निकामी व्हायला दोन आघात लागतात, कारण एक प्रत बिघडली तरी दुसरी काम सांभाळून घेते. कित्येक दशकांपूर्वीचा हा विचार माझ्या अहवालातील एका रकान्यात असा उतरलेला पाहणे हा मोठा अनुभव होता.

या दोन जनुकांची कामे परस्परविरुद्ध स्वरूपाची आहेत. ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिन आहे. बाहेरून वाढीचा संदेश घेऊन एखादा रेणू आला की असे दोन ग्राहक एकमेकांशी जुळतात, त्यांचा आतील भाग कार्यरत होतो आणि फॉस्फेटचे गट जोडत जाऊन तो संदेश टप्प्याटप्प्याने केंद्रकापर्यंत पोहोचवतो. त्यानंतर पेशी विभाजनाला लागते. बाहेरचा संदेश थांबला की हे कामही थांबते. माझ्या पेशींत १५ अक्षरे गळाल्यामुळे प्रथिनातील पाच अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिन ज्यांनी बनते ते घटक, कमी झाली होती. प्रथिनाचा तेथील वळसा आखूड झाल्याने त्याचा आतील भाग कार्यरत स्थितीतच अडकून राहिला होता आणि बाहेरून कोणताही संदेश नसताना पेशी विभाजन करीत राहिली होती. टीपी५३पासून बनणारे पी५३ हे प्रथिन याउलट राखणीचे काम करते. डीएनएला इजा झाली की ते विभाजन रोखते, दुरुस्तीला वेळ देते आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला स्वतःचा नाश करायला लावते. मानवी कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांत हे जनुक बिघडलेले आढळते. ते गेले की पुढचे बिघाड पेशीत साचत जातात आणि खपूनही जातात. म्हणूनच दुसऱ्या ओळीवर डॉक्टर जास्त वेळ थांबले. पहिल्या ओळीसाठी औषध उपलब्ध होते. ही गाठ पुढे लवकर रूप बदलू शकेल, असा इशारा दुसऱ्या ओळीत होता.

तिसऱ्या ओळीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक गाठीत असे अनेक बदल असतात, जे वाढीला कारण नसतात आणि केवळ त्या पेशीत घडले म्हणून तिच्या वंशजांबरोबर पुढे जात राहतात. अहवालात नाव छापलेले आहे म्हणून त्याची धास्ती घेण्याचे कारण नसते, एवढे येथे नोंदवून पुढे जाते.

मी कधीही धूम्रपान केलेले नाही. त्यामुळे ‘मलाच का’ हा प्रश्न माझ्यापुरता केवळ भावनेचा नव्हता, त्याचे उत्तर मला हवे होते. मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या आहेत आणि पेशीचे विभाजन होताना दोन्ही संचांची संपूर्ण नक्कल करावी लागते. दुरुस्तीची यंत्रणा बहुतेक चुका पकडते, तरी काही निसटतात. तंबाखूच्या धुरातील रसायने, अतिनील किरण, काही विषाणू यांनी चुकांचे प्रमाण वाढते आणि तंबाखूच्या चुका तर त्यांच्या विशिष्ट ठशावरून ओळखताही येतात. ईजीएफआरमधील हे बदल मात्र धूम्रपान न करणाऱ्यांत अधिक आढळतात. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाने मला बरेच काही समजले. निरोगी फुफ्फुसांच्या ऊतकातही ईजीएफआरमधील असे बदल बाळगणाऱ्या तुरळक पेशी आढळल्या आणि हवेतील सूक्ष्म धूलिकणांमुळे होणारा दाह अशा झोपलेल्या पेशींना वाढीला उद्युक्त करतो, असे त्या प्रयोगांतून दिसले. म्हणजे बदल घडणे आणि त्या बदलातून कर्करोग उभा राहणे यांत अंतर असते आणि ते अंतर ओलांडायला आजूबाजूची परिस्थितीही हातभार लावते. माझ्या बाबतीत नेमके काय घडले, हे कोणीही सांगू शकणार नाही. तरीही स्वतःच्या वागण्यात दोष शोधत बसण्याचे माझे मन त्यानंतर थांबले.

मुलीचा प्रश्न वेगळा होता. अहवाल हाती आला त्या रात्री ती म्हणाली, “आई, जनुकाचा आजार आहे म्हणतात, मग तो माझ्यातही आला असेल का?” तिने तो प्रश्न बरेच दिवस मनात ठेवला होता, हे तिच्या आवाजावरून कळले. दुसऱ्या भेटीत आम्ही तो डॉक्टरांपुढे मांडला. त्यांनी सांगितले की जनुकात बदल असणे आणि तो बदल वारशाने मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझा बदल जन्मानंतर, फुफ्फुसाच्या एका पेशीत घडला. तो माझ्या रक्ताच्या, त्वचेच्या किंवा बीजपेशींत नव्हता, त्यामुळे मुलीकडे जाण्याचा मार्गच नव्हता. वारशाने आलेला बदल निरोगी पेशींतही असतो, म्हणून त्याची टक्केवारी सहसा ५०च्या आसपास दिसते आणि तसे दिसल्यास रक्ताची स्वतंत्र तपासणी करून खात्री करतात. कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक बदलांशी जोडलेले असतात. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी निगडित असलेली बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुके त्यांतील सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणे होत. हे ऐकताना मुलीचा चेहरा पाहिला आणि असे वाटले की जनुकीय अहवाल देताना ही एक गोष्ट न विचारताच सांगितली जावी. कितीतरी घरांत हा प्रश्न विचारलाच जात नसेल.

औषध गोळीच्या स्वरूपात होते. पहिल्या पिढीचे ईजीएफआर-रोधक औषध प्रथम देण्याचा प्रघात तेव्हा होता, त्यानुसार मला जेफिटिनिब सुरू झाले. या औषधाचा इतिहासही बोधक आहे. ते वापरात आले तेव्हा ते कोणाला लागू पडेल, हे ठाऊक नव्हते. बहुतेकांना त्याचा उपयोग होत नसे, थोड्यांच्या गाठी मात्र आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने विरघळत. २००४ मध्ये त्या थोड्यांच्या गाठींत ईजीएफआरमधील हे विशिष्ट बदल सापडले आणि कोडे सुटले. ज्या बदलामुळे प्रथिन सतत कार्यरत राहते, त्याच बदलामुळे त्याच्या खाचेत औषध अधिक घट्ट बसते, आणि गाठीची सारी भिस्त त्या एका संदेशावर असल्याने तो तुटताच पेशी मरू लागतात. माझा खोकला पहिल्या काही आठवड्यांतच थांबला. पुढच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसातील गाठ निम्म्याहून लहान झालेली होती.

चेहऱ्यावर आणि पाठीवर मुरमांसारखे पुरळ उठले, नखांच्या कडा सुजून दुखू लागल्या, जुलाबही झाले. त्याचेही कारण त्याच जनुकात होते. त्वचेच्या आणि आतड्याच्या निरोगी पेशींनाही आपल्या नेहमीच्या नूतनीकरणासाठी ईजीएफआर लागते आणि हे औषध त्यांच्यातील निरोगी प्रथिनालाही काही प्रमाणात अडवते. हे समजल्यावर पुरळाचा त्रास कमी झाला असे नाही, पण त्याची भीती गेली. मलम, प्रतिजैविक आणि उन्हापासून बचाव यांनी तो आटोक्यात राहिला.

मणक्यातील आजाराविषयी मला वाटत असे की पसरण्यासाठी गाठीत आणखी एखादा खास बदल घडावा लागत असेल. असा एकच ‘पसरवणारा’ बदल संशोधकांना आढळलेला नाही. दूरच्या अवयवांतील गाठींत मूळ गाठीतीलच प्रमुख बदल बहुतांशी सापडतात आणि त्यांच्या जोडीला काही नवे बदल असतात. पसरण्याच्या वाटेवर पेशीला शेजारच्या पेशींशी असलेली पकड सोडावी लागते, सभोवतीचे आवरण भेदावे लागते, रक्तात शिरून तेथील माऱ्यातून आणि प्रतिकारशक्तीच्या नजरेतून वाचावे लागते आणि परक्या अवयवात उतरून तेथे तग धरावा लागतो. यासाठी पेशी अनेकदा नवे उत्परिवर्तन न होताच, आहेत त्याच जनुकांपैकी काही बंद करून आणि काही चालू करून आपली वागणूक बदलते. रक्तात उतरलेल्या पेशींपैकी अगदी थोड्याच नवी गाठ उभी करू शकतात. कोणत्या अवयवात त्या रुजतील हे केवळ रक्तप्रवाहावर ठरत नाही. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या शवविच्छेदनांच्या नोंदी अभ्यासून बी आणि जमीन यांची उपमा दिली होती, ती आजही वापरली जाते. हाडात सतत झीज आणि भर चालू असते. कर्कपेशी झीज घडवणाऱ्या पेशींना चेतवतात, आणि हाड झिजताना त्यातून मोकळी होणारी वाढीची द्रव्ये कर्कपेशींना पोसतात. माझ्या पाठीच्या दुखण्यामागे हे चक्र होते, म्हणूनच गोळीच्या जोडीला हाडाची झीज रोखणारे इंजेक्शनही दिले जात होते.

जवळपास वर्षभर सारे ठीक चालले. नंतर एका स्कॅनमध्ये फुफ्फुसातील गाठीची कड पुन्हा वाढलेली दिसली आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये दोन लहान ठिपके आढळले. मला कोणतीही नवी तक्रार नव्हती, त्यामुळे तो अहवाल ऐकताना शब्दच सुचेनात. डॉक्टरांना मात्र हे अनपेक्षित नव्हते. त्यांनी जुना अहवाल बाजूला ठेवला आणि नवी तपासणी सांगितली, कारण जुना अहवाल उपचारापूर्वीच्या गाठीचा होता आणि आता शरीरात होती ती औषधाच्या धाकात वाढलेली गाठ होती.

या वेळी तपासणी रक्तावर झाली. मरणाऱ्या पेशी आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात आणि गाठीचे तुकडेही त्यांत असतात. ते रक्तात फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे त्या तुकड्यांत गाठीची त्या घडीची अवस्था दिसते. त्यासाठी वेगळ्या प्रकारची नळी वापरली गेली. तंत्रज्ञांनी रक्त घेतल्यावर ती हलक्या हाताने अनेकदा उलटसुलट केली, जोरात हलवली नाही. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ताई, पांढऱ्या पेशी फुटल्या तर त्यांचाच डीएनए इतका होईल की तुमच्या गाठीचा त्यात हरवून जाईल.” नळीतील द्रव्य त्या पेशींना फुटण्यापासून जपते. किती थोड्याशा द्रव्यावर पुढचा निर्णय अवलंबून आहे, हे मला त्या वेळी जाणवले.

नव्या अहवालात जुने दोन्ही बदल होते. ईजीएफआरमधील १५ अक्षरांचा लोप ६ टक्के होता. त्याच्या खाली एक नवी ओळ होती, टी७९०एम, आणि तिच्यापुढे २ टक्के. म्हणजे गाठीने सोडलेल्या डीएनएपैकी साधारण एक तृतीयांश भागातच हा नवा बदल होता. सर्व पेशींत असलेला जुना बदल हे खोड धरले, तर ही त्यावरून नंतर फुटलेली शाखा होती. प्रथिनातील ७९० व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मिथिओनिन आले होते. एका अक्षराच्या बदलाने हे घडते. त्यामुळे पेशीतील एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू त्या खाचेत अधिक सहज बसू लागतो आणि त्याच जागेसाठी झगडणारे औषध मागे पडते. पहिल्या पिढीच्या औषधांना गाठ दाद देईनाशी होते तेव्हा जवळपास निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक रुग्णांत हाच बदल सापडतो.

हा बदल औषधाने घडवला का, हा माझा पहिला प्रश्न होता, कारण तसे असेल तर वर्षभर नेमाने घेतलेल्या गोळ्यांनीच घात केला असा त्याचा अर्थ झाला असता. डॉक्टरांचे उत्तर मी लक्षपूर्वक ऐकले. औषध असा बदल घडवायला सांगत नाही. एवढ्या मोठ्या संख्येच्या पेशींत चुका सतत घडत असतात आणि टी७९०एम असलेल्या मोजक्या पेशी कधी कधी उपचारापूर्वीच गाठीत हजर असतात. कधी काही पेशी औषधाखाली मंद होऊन टिकून राहतात आणि त्यांच्यापैकी एखादीत हा बदल नंतर घडतो. औषध इतरांना मारते, जागा मोकळी होते आणि ज्यांच्यावर परिणाम होत नाही त्या वाढतात. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये कर्करोगाकडे पेशींच्या वंशांची उत्क्रांती म्हणून पाहावे, असे मांडले होते. माझ्या दोन अहवालांतील फरक म्हणजे त्या मांडणीचे प्रत्यक्ष उदाहरण होते. गोळ्यांनी मला एक चांगले वर्ष दिले होते आणि त्यांविषयीची माझी शंका तेथेच मिटली.

या बदलासाठी ओसिमर्टिनिब हे तिसऱ्या पिढीचे औषध उपलब्ध होते. त्याला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली होती. ते खाचेत नुसते बसत नाही, तर ७९७ व्या जागेवरील सिस्टीन या अमिनो आम्लाशी कायमचा रासायनिक बंध जोडते, त्यामुळे एटीपीशी होणाऱ्या झगड्यात ते हटत नाही. निरोगी ईजीएफआरला ते तुलनेने कमी त्रास देते आणि माझ्या चेहऱ्यावरचे पुरळ दोन महिन्यांत जवळजवळ गेले. मेंदूतही ते आधीच्या औषधापेक्षा अधिक पोहोचते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अडसर पुष्कळ औषधांना आत येऊ देत नाही, त्यामुळे तेथे पोहोचलेल्या पेशींना आसरा मिळतो. माझ्या मेंदूतील ठिपक्यांपैकी एक पुढच्या एमआरआयमध्ये दिसेनासा झाला आणि दुसरा लहान झाला. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे औषध सुरुवातीपासूनच दिल्यास आजार वाढण्यापूर्वीचा सरासरी काळ १०.२ महिन्यांवरून १८.९ महिन्यांवर जातो, असे दिसले आणि आता अनेक ठिकाणी तेच प्रथम दिले जाते. माझ्यानंतर निदान झालेल्यांना हा लाभ मिळतो आहे, याचा मला आनंद आहे.

सध्या आजार आटोक्यात आहे. ठराविक अंतराने स्कॅन होतात, हृदयाची तपासणी होते आणि मी घरची कामे करते. हेही औषध केव्हातरी अपुरे पडेल याची कल्पना मला दिलेली आहे आणि ते कसे अपुरे पडू शकेल, हेही आम्ही आताच बोलून ठेवले आहे. ७९७ व्या जागचे सिस्टीन जाऊन तेथे सेरिन आले तर औषधाला बंध जोडायला जागाच उरत नाही. एमईटी नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या तर गाठ ईजीएफआरला वळसा घालून त्या मार्गाने आपला संदेश चालू ठेवते. तिसरी शक्यता अशी की ॲडेनोकार्सिनोमाच्या पेशी स्मॉल सेल या वेगळ्याच प्रकारात बदलतात. टीपी५३च्या जोडीला आरबी१ हे पेशीला आवर घालणारे जनुकही गेलेले असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून आरबी१ शाबूत आहे का, हे मी जुन्या ठोकळ्यावरून तपासून घेतले. ते शाबूत असल्याचे कळले.

यांतील पहिल्या दोन शक्यता रक्तातून कळू शकतात, तरी रक्तात काही न सापडणे हा गाठ बदलली नसल्याचा पुरावा मानता येत नाही. तिसरी शक्यता तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्याशिवाय पक्की होत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी आजार वाढला तर रक्ताबरोबर पुन्हा सुईने बायॉप्सी घेण्याला मी आधीच संमती देऊन ठेवली आहे आणि ती वाढत असलेल्या भागातूनच घ्यावी, अशी नोंद फाइलमध्ये केलेली आहे. सेरिनचा बदल आढळल्यास तो टी७९०एम असलेल्या प्रतीवरच आहे की दुसऱ्या प्रतीवर, हेही अहवालात मागायचे आहे. दोन्ही बदल निरनिराळ्या प्रतींवर असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या पिढीची औषधे एकत्र देऊन काही काळ उपयोग होऊ शकतो, एकाच प्रतीवर असतील तर त्या जोडीचा उपयोग होत नाही. त्या परिस्थितीत केमोथेरपीचा पर्याय माझ्यासाठी अजून न वापरलेला शिल्लक आहे.